फर्स्ट बेस ही उरलेल्या पोरांची जागा नाही, ताई

पत्र (थोडं आटोपशीर करून):

दादा, आम्ही न्यू जर्सीला असतो. मुलगा १६ वर्षांचा आहे, नऊ वर्षांचा असल्यापासून बेसबॉलमध्ये कॅचर. थ्रो उजव्या हाताने, बॅटिंग डावखुरी. मागच्या वर्षी शाळेची टीम आणि बाहेरची ट्रॅव्हल टीम, दोन्हीकडे कॅचिंग आणि मधूनमधून पिचिंगसुद्धा, त्यात उजवं कोपर दुखावलं. ऑपरेशन लागलं नाही पण डॉक्टर म्हणाले इतक्यात कॅचिंग नाही. कोचने डिसेंबरमध्ये सांगितलं की या सीझनला तू फर्स्ट बेस. तेव्हापासून घरात धड बोलत नाही. म्हणतो, "ज्यांना कुठेच ठेवता येत नाही त्यांना तिथे ठेवतात." कॅचरचं मिट (हातात घालायचा जाड ग्लोव्ह) त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकलं, मी गुपचूप काढून कपाटात ठेवलंय. त्याचे बाबा म्हणतात, झालं तेवढं पुरे, आता एसएटीकडे (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेकडे) बघ. बाबा स्वतः डोंबिवलीला कॉलेजच्या टीममध्ये विकेटकीपर होते. मला या खेळातलं फार कळत नाही. फर्स्ट बेसवाल्याला पुढे काही करिअर असतं का? की सोडायला लावू? आणि ते मिट त्याला परत देऊ का?
— एक आई

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कचऱ्याच्या डब्याशी येऊन थांबलो. सात वर्षं हातात घातलेलं मिट टाकून देणं म्हणजे त्या पोराला केवढं लागलं असेल. तेव्हा सगळ्यात आधी एक करा, "अरे जागाच तर बदलली, एवढं काय त्यात" असं घरात कोणीही म्हणायचं नाही. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसणारा, अख्खं मैदान ज्याच्या समोर असतं असा एकटा खेळाडू, बाकीचे आठही जण त्याच्याकडे तोंड करून उभे असतात, पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, तो सांगतो काय टाकायचं. ते गेलं म्हणजे त्याचं काहीतरी खरंच गेलंय, त्याला थोडे दिवस वाईट वाटू द्या.

पण "ज्यांना कुठेच ठेवता येत नाही" हे जे तो म्हणतो ना, ते मात्र मी खोडून काढणार आहे. मी ओहायोत सिनसिनाटीजवळ वीस वर्षांच्या वर राहतोय आणि माझी मुलगी पाच वर्षं सॉफ्टबॉलला फर्स्ट बेस खेळली, त्यामुळे ही जागा मी बाकावरून फार जवळून बघितली आहे.

तुम्हाला एकदा नीट सांगतो तिथे काय चालतं. बॅटरने बॉल जमिनीवरून मारला की शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) किंवा थर्ड बेसवाला तो उचलतो आणि पळत पळत, कधी पडता पडता, फर्स्ट बेसकडे फेकतो. बॅटरला तिथपर्यंत ९० फूट पळायचं असतं आणि तो चार-साडेचार सेकंदांत पोचतो, बॉल त्याच्या आधी पोचला तर तो आउट. म्हणजे थ्रो घाईचाच असणार. फर्स्ट बेसवाला एक पाय बॅगच्या, म्हणजे बेसच्या, कडेला टेकवून उरलेलं सगळं अंग बॉलच्या दिशेने लांब करतो. थ्रो चांगला आला तर काही प्रश्नच नाही. पण तो मिटच्या हातभर आधी मातीत टप्पा पडला, की बॉल किती उसळणार ते कोणालाच माहीत नसतं, मान फिरवायची नाही, डोळे मिटायचे नाहीत, मिट जमिनीला टेकवून तिथूनच बॉल वर उचलायचा आणि पाय बॅगवरून हलला नाही पाहिजे. याला शॉर्ट हॉप म्हणतात. माझ्या मुलीला पहिल्या महिन्यात नडगीवर इतके काळेनिळे डाग पडले होते की बायकोने मला विचारलं हा कुठला खेळ लावलाय पोरीला. आणि मग एका शनिवारी तिने तसा एक बॉल मातीतून अलगद काढला, आणि तिकडे शॉर्टस्टॉपला जी मुलगी होती, जिचा तो थ्रो चुकला होता, तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. कारण हा बॉल सुटला असता तर एरर (फील्डिंगची चूक) त्या मुलीच्या नावावर लागला असता. बॉल काढला तर स्कोअरबुकात नुसता एक आउट, तो वाचवला म्हणून वेगळं काही लिहीत नाहीत. पण टीममधल्या सगळ्यांना माहीत असतं.

पिचर आणि कॅचर सोडले तर मॅचमध्ये सगळ्यात जास्त बॉल याच माणसाच्या हातात येतात. आणि टप्पा पडलेला बॉल न घाबरता अंगावर घेणं हे सात वर्षं कोण करत होतं? तुमचा मुलगाच ना? कॅचरचं निम्मं आयुष्य मातीतले बॉल अडवण्यातच जातं. म्हणजे या जागेचा जो सगळ्यात अवघड भाग आहे त्याची तयारी त्याची आधीच झालेली आहे, कोचला हे दिसलं असणार, म्हणूनच त्याला बाकावर न बसवता तिथे पाठवलंय.

आता त्याला एका माणसाची गोष्ट सांगा, कारण ती जवळजवळ त्याचीच आहे. स्कॉट हॅटबर्ग. थ्रो उजवा, बॅटिंग डावखुरी. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचा कॅचर, १९९१ साली बॉस्टन रेड सॉक्सने घेतला, १९९५ ला मेजर लीगमध्ये (इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये) आला आणि २००१ पर्यंत तिथे कॅचरच होता. मग कोपरातल्या नसेला इजा झाली, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर बॉल बोटांत कसा धरायचा इथपासून त्याला पुन्हा शिकावं लागलं. कॅचरला सेकंड बेसपर्यंत कडक थ्रो करता आला नाही तर तो कॅचर कसला? बॉस्टनने त्याला कोलोरॅडोकडे पाठवलं आणि कोलोरॅडोने काही दिवसांतच सोडून दिलं. वय ३२, घरी लहान मुली, नोकरी नाही.

आणि तेव्हा ओकलंडच्या टीमकडून बोलावणं आलं. त्यांच्याकडे पैसा कमी, त्यांचा फर्स्ट बेसवाला जेसन जिआंबी, जो २००० साली अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, झाला होता, तो ७ वर्षांचे १२ कोटी डॉलर घेऊन न्यू यॉर्क यांकीजकडे निघून गेलेला. ओकलंडवाल्यांनी हॅटबर्गमध्ये एकच गोष्ट बघितली, हा माणूस वाईट बॉलला बॅट लावत नाही, वॉक घेतो (चार वाईट बॉल सोडले की फुकट मिळणारा बेस), कसाही करून बेसवर पोचतो. कोपर गेलं तरी ती नजर कुठे गेली नव्हती. ते म्हणाले फर्स्ट बेस खेळ. त्याने आयुष्यात प्रोफेशनल मॅचमध्ये फर्स्ट बेस खेळलेला नव्हता! त्या हिवाळ्यात त्याची बायको घराजवळच्या टेनिस कोर्टवर टीवर (बॉल ठेवायच्या दांड्यावर) बॉल ठेवून त्याला ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारे बॉल, मारायची, मुली आजूबाजूला असायच्या. मग सीझनआधीच्या स्प्रिंग ट्रेनिंगला रॉन वॉशिंग्टन नावाच्या कोचने त्याला हाताशी धरलं, उभं कुठे राहायचं, पाय कसा टाकायचा, सगळं अगदी पहिलीपासून.

त्या २००२ च्या सीझनला ओकलंडने ओळीने मॅचेस जिंकायला सुरुवात केली, १९ झाल्या, आणि ४ सप्टेंबरला विसावी होती कॅन्सस सिटीशी. ओकलंड ११-० ने पुढे होतं. मग ते ११-११ झालं. अकरा रन गेले, सगळं स्टेडियम गप्प. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला, तोपर्यंत बाकावर बसलेल्या हॅटबर्गला बॅटिंगला पाठवलं आणि त्याने होमरन मारला, बॉल थेट मैदानाबाहेर. १२-११. सलग २० विजय, अमेरिकन लीगमध्ये तोपर्यंत कोणी केलं नव्हतं, तो रेकॉर्ड पुढे २०१७ मध्ये क्लीव्हलंडने मोडला. ज्याला वर्षभरापूर्वी दोन टीमनी सोडून दिलं होतं त्याच्या बॅटमधून हे आलं. आणि मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते होमरनच्याही अलीकडचं, ते टेनिस कोर्ट. त्या वेळी हे असं काही होणार आहे हे त्या घरात कोणाला माहीत होतं?

पुढे तो आमच्या सिनसिनाटीला आला, २००६ ला. एकूण १४ सीझन खेळला, त्यातले निम्मे कोपर गेल्यानंतरचे. बेसवर आलेल्या समोरच्या टीमच्या रनरशी छान गप्पा मारायचा, ही सवय कॅचरचीच.

आणि सिनसिनाटीत त्याची जागा ज्याने घेतली तो कोण? जोई व्होटो. टोरंटोचा मुलगा, हाही थ्रो उजवा बॅटिंग डावखुरी, आणि २००२ ला हायस्कूलमधून सिलेक्ट झाला तेव्हा हाही कॅचरच. सिनसिनाटीनेच त्याला फर्स्ट बेसला हलवलं. पहिली मेजर लीग मॅच खेळला ४ सप्टेंबर २००७ ला, त्या होमरननंतर बरोबर पाच वर्षांनी. २०१० ला नॅशनल लीगचा एमव्हीपी, १७ सीझन एकाच टीमसाठी, ३५६ होमरन. हे आकडे मुलाला सांगाच, पण तुम्हाला मी त्याचं दुसरं काहीतरी सांगणार आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये त्याचे वडील अचानक गेले. तो खेळत राहिला, मनातलं कोणाला बोलला नाही, आणि २००९ ला त्याला इतका त्रास व्हायला लागला, पॅनिक अटॅक, डिप्रेशन, की टीम सोडून काही आठवडे बाजूला व्हावं लागलं. परत आल्यावर त्याने पत्रकारांसमोर हे सगळं स्वतः सांगितलं, त्या काळात एवढ्या मोठ्या खेळाडूने असं बोलणं सोपं नव्हतं. पुढच्याच वर्षी एमव्हीपी. तुमचा मुलगा डिसेंबरपासून बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. जेवण, झोप, मित्र, हे नीट चालू आहे ना ते बघा, आणि नसेल तर शाळेच्या काउन्सेलरला किंवा फॅमिली डॉक्टरला आत्ताच फोन करा, सीझन सुरू होईपर्यंत थांबू नका. ते बेसबॉलपेक्षा आधीचं आहे.

आता करिअर. तुम्ही सरळ विचारलंत, मी पण सरळच सांगतो. १६-१७ व्या वर्षी उजव्या हाताने थ्रो करणाऱ्या फर्स्ट बेसवाल्या मुलाच्या मागे स्काउट (टीमसाठी खेळाडू शोधणारे) फारसे लागत नाहीत. कारण त्यांचा हिशोब असा की उद्या लागलाच तर थर्ड बेसवरचा, कॅचरचा, कोणाचाही फर्स्ट बेसवाला करता येतो, म्हणून या जागेवर ज्याला घ्यायचं तो बॅटिंगला फारच चांगला पाहिजे. मेजर लीग ड्राफ्ट (टीम दरवर्षी आळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात तो) आता २० राउंडचा आहे, टीम ३०, म्हणजे वर्षाला साधारण ६०० मुलं आणि त्यात सगळ्या जागा आल्या. ड्राफ्ट झाला म्हणजे लगेच बंगला गाडी नाही, आधी मायनर लीग, तिथे वर्षानुवर्षं बसचा प्रवास. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला करार झाला तेव्हा कुठे वरून दुसऱ्या पायरीच्या डबल-ए चा किमान पगार वर्षाला ३०,२५० डॉलर आणि सगळ्यात वरच्या ट्रिपल-ए चा ३५,८०० झाला, त्याआधी डबल-ए ला १३,८०० होता. वर मेजर लीगचा किमान पगार २०२५ ला ७ लाख ६० हजार डॉलर, पण तिथपर्यंत फार थोडे जातात.

दुसरी बाजू पण तेवढीच खरी. अल्बर्ट पुहोल्स १९९९ ला १३ व्या राउंडमध्ये गेला, ४०१ मुलं त्याच्या आधी निवडली गेली होती, सुरुवातीला थर्ड बेस आणि आउटफिल्ड खेळला, मग फर्स्ट बेसला स्थिरावला आणि ७०३ होमरन मारून रिटायर झाला. पॉल गोल्डश्मिट टेक्सस स्टेट युनिव्हर्सिटीतून ८ व्या राउंडला गेला, २०२२ ला एमव्हीपी. यातून मला एवढंच म्हणायचंय की तुमच्या मुलासारख्याचा रस्ता बहुतेक कॉलेजातून जातो, हॅटबर्गचा पण तसाच गेला, आणि त्याला घाई नाही. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला मुलगा तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ चा झाल्यावर ड्राफ्टला पात्र होतो. तोपर्यंत तो शिकतच असतो. म्हणजे बाबांची एसएटी आणि मुलाचा बेसबॉल यात भांडण आहेच कुठे? चांगल्या कॉलेजच्या टीममध्ये जायचं तरी मार्क लागतातच.

बाबांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. लू गेरिग, यांकीजचा फर्स्ट बेसवाला, ओळीने २,१३० मॅच खेळलेला, जर्मनीहून आलेल्या गरीब आईबापांचा न्यू यॉर्कमध्ये जन्मलेला मुलगा. आई लोकांकडे स्वयंपाक आणि घरकाम करायची आणि तिचं एकच स्वप्न होतं, पोरगा इंजिनिअर व्हावा. त्याला कोलंबिया युनिव्हर्सिटीत घातलंही. १९२३ ला त्याने यांकीजबरोबर सही केली तेव्हा त्या माऊलीला काय वाटलं असेल ते तुम्हाला आणि मला वेगळं सांगायला नको. आपण दुसऱ्या देशात येऊन मुलांच्या भविष्याची जी धास्ती घेतो ती काय नवीन नाही, शंभर वर्षांपूर्वीची माणसं पण तीच घेऊन जगली. बाबा चुकीचे नाहीत, ते घाबरलेत, आणि त्या कोपराला घाबरलेत असं मला तरी वाटतं.

आणि म्हणूनच माझा मुख्य सल्ला त्यांच्यासाठी आहे. विकेटकीपर ना ते? मग डीप कव्हरवरून आलेला थ्रो स्टंपच्या पुढ्यात टप्पा पडून यायचा, तो ते कसा घ्यायचे? हात मऊ ठेवून, बॉलबरोबर हात किंचित मागे नेत, मान खाली. हाफ व्हॉलीच ती. शॉर्ट हॉप म्हणजे दुसरं काही नाही, फक्त इथे मिट थोडं पुढे ढकलून बॉल उसळायच्या आत गाठायचा असतो. तुमच्या घरात हे शिकवणारा माणूस रोज संध्याकाळी सोफ्यावर बसलेला असतो आणि त्याला माहीतच नाही की याच कामासाठी त्याची गरज आहे. आत्ता बाहेर बर्फ असेल तर गराजमधली गाडी बाहेर काढा, टेनिस बॉल घ्या, बाबांनी वीस-पंचवीस फुटांवरून खालच्या हाताने मुलाच्या पायापुढे टप्पे टाकायचे, दिवसाला ४०-५०, पंधरा मिनिटं. मुलाने बॉल परत फेकायचा नाही, बादलीत टाकायचा, कोपराला अजिबात काम नाही. पहिल्या दिवशी मुलगा नको म्हणेल, बाबा पण म्हणतील काय हे आता. तरी पण लावा त्यांना. एकदा खोक्यातून डोंबिवलीचे जुने कीपिंगचे ग्लोव्हज निघाले ना, असतील तर, की बोलणं आपोआप सुरू होईल.

कोपराबद्दल डॉक्टर आणि फिजिओ सांगतील तेच अंतिम, पण दोन गोष्टी आई म्हणून तुम्ही हातात घ्या. एक म्हणजे फर्स्ट बेसला थ्रो कमी असतात, शून्य नसतात, त्यामुळे थ्रो कधी, किती अंतरावरून सुरू करायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद कोचला द्या. दुसरं म्हणजे ट्रॅव्हल टीमला स्पष्ट कळवा की यंदा पिचिंग नाही आणि कॅचिंग पण नाही, "फक्त एक इनिंग" पण नाही. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने मुलांच्या हातासाठी ज्या सूचना दिल्यात त्यांच्यात हेच आहे, एका वेळी अनेक टीममधून पिचिंग नको, पिचरनेच कॅचिंगही करायचं नको, आणि वर्षातले किमान चार महिने मॅचमधलं पिचिंग बंद. मागच्या वर्षी तुमच्या मुलाच्या बाबतीत या सूचना मोडल्या गेल्या असाव्यात असं पत्रावरून वाटतं. यात तुमचा दोष नाही, ताई, त्या वयातल्या मुलाला दोन्ही कोच खेळ म्हणतात आणि तो खेळतो, आईला कोण विचारतं.

तर सोडायला लावू नका. करिअरचा निर्णय आत्ता घ्यायचाच नाही, एक सीझन खेळू द्या, आणि जूनमध्ये त्याला स्वतःला विचारा.

फर्स्ट बेसचं मिट त्याचं स्वतःचं घ्या, शाळेच्या पेटीतलं शंभर हातांतून गेलेलं नको. हे मिट वेगळं असतं, बोटं सुटी नसतात, लांबट, खोल, हायस्कूलला साडेबारा इंचाच्या आसपासचं चालतं. नवीन असताना चामडं लाकडासारखं कडक असतं, थोडं तेल लावून मध्ये बॉल ठेवायचा आणि दोरीने घट्ट बांधायचं, आणि मग रोजच्या त्या टप्प्यांनी ते हळूहळू हाताला येतं.

आणि जुनं मिट. ते कपाटातच राहू द्या, आत्ता परत देऊ नका पण हरवू पण नका. जो मॉवर नावाचा मिनेसोटाचा कॅचर होता, कॅचर असताना तीनदा अमेरिकन लीगचा बॅटिंग चॅम्पियन, २००९ चा एमव्हीपी. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डोक्याला मार बसला, कन्कशन, आणि कॅचिंग कायमचं संपलं. पुढची पाच वर्षं तो फर्स्ट बेस खेळला, हाही उजवा थ्रो, डावी बॅटिंग. ३० सप्टेंबर २०१८, घरच्या मैदानावर त्याची शेवटची मॅच, नवव्या इनिंगला तो डगआउटमधून बाहेर आला तो कॅचरचा सगळा सरंजाम अंगावर चढवून, मास्क, छातीचं पॅड, पायाचे गार्ड. होम प्लेटमागे बसला, एक बॉल घेतला. एकच. मग उठून सगळ्यांना भेटला आणि बाहेर गेला, अख्खं स्टेडियम उभं होतं. २०२४ ला तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्या एका बॉलचा व्हिडिओ शोधला की लगेच सापडतो, पोराला दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी म्हणेन आधी तुम्ही आणि बाबांनी दोघांनी बसून बघा.